दानाचा हिशेब मंडळीपुढे वाचा
सर्व ख्रिस्ती मंडळ्यांना कळकळीचे आवाहन



महाराष्ट्रातल्या प्रत्येक ख्रिस्ती मंडळीचे पाळक, धर्मगुरू, पंच, विश्वस्त आणि खजिनदार यांना, आणि रविवारी बाकावर बसणाऱ्या प्रत्येक सभासदाला हे आवाहन आहे. मागणी एकच आहे. गेल्या ३१ मार्चला संपलेल्या वर्षात मंडळीत किती पैसे आले, कुठून आले, कशावर खर्च झाले आणि आज किती शिल्लक आहेत, हे येत्या नाताळापूर्वी साऱ्या मंडळीला एकत्र बसवून, समजेल अशा मराठीत सांगा. पंचांच्या बैठकीत हिशेब मंजूर झाला म्हणून काम संपत नाही. ज्यांनी दान दिले त्यांच्यापुढे तो वाचला गेला पाहिजे.

हे आत्ताच झाले पाहिजे. वर्ष संपले आहे, वह्या लेखापरीक्षकाकडे गेल्या आहेत किंवा जायच्या आहेत. पावत्या हाताशी आहेत, खर्च कुणी आणि का केला हे संबंधितांना आठवते आहे. काही महिन्यांत नाताळच्या दानाची पाकिटे वाटली जातील. हंगामाच्या सणाला कोंबड्या, भोपळे, धान्याची पोती लिलावाला निघतील आणि लोक उत्साहाने चढी बोली लावतील. गेल्या वर्षीच्या पाकिटांचे आणि लिलावाचे काय झाले हे न सांगताच नवे पाकीट हातात ठेवायचे, हा प्रकार यंदा थांबला पाहिजे.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, व्हॉट्सॲपच्या गटांवर एकच कुजबुज ऐकू येते. इमारत फंड कुठे गेला? दुकानगाळ्यांचे भाडे कुणाच्या खात्यात जमा होते? कंपाउंडच्या जागेचे काय ठरले? उत्तर मिळत नाही म्हणून लोक अंदाज बांधतात. अंदाजाचे आरोप होतात, आरोपांतून तट पडतात आणि तट कोर्टात जातात. मग दावे वर्षानुवर्षे चालतात आणि वकिलांची फी शेवटी दानाच्याच पैशातून भरली जाते. आपले बहुतेक खजिनदार प्रामाणिक आहेत. नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता, रात्री उशिरापर्यंत बसून ते वह्या लिहितात. हिशेब जाहीर न होण्याची पहिली झळ त्यांनाच बसते, कारण त्यांच्या प्रामाणिकपणाला साक्षीदारच उरत नाही.

हिशेब वर जातो, खाली येत नाही

आपल्याकडे हिशेब ठेवला जातच नाही, असे नाही. कायद्याने तो ठेवावाच लागतो. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, जो आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो, तो देवळांना लागू आहे तसाच चर्चच्या विश्वस्त संस्थांनाही लागू आहे. त्याच्या कलम ३२ प्रमाणे हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात, कलम ३३ प्रमाणे त्यांचे दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि ताळेबंद व जमाखर्च पत्रक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाते. आयकर खात्याला विवरण द्यावे लागते. स्थानिक मंडळीचे आकडे डायोसिसच्या कार्यालयात जातात, तिथून मोठ्या संस्थेच्या एकत्रित हिशेबात मिसळतात.

म्हणजे आपल्या दानाचा हिशेब आयुक्त पाहतात, आयकर अधिकारी पाहतात, लेखापरीक्षक पाहतात, बिशप पाहतात. ज्या मावशींनी पेन्शनमधून दशांश काढून दिला, त्या मात्र पाहत नाहीत. वार्षिक सभा झालीच, तर शेवटच्या पाच मिनिटांत खजिनदार भरभर आकडे वाचतात, कुणीतरी ‘मंजूर’ म्हणते आणि प्रार्थना होऊन लोक घरी जातात. कायद्याने ठरवलेल्या नमुन्यातले छापील पत्रक हातात पडले, तरी लेखाशास्त्र न शिकलेल्या माणसाला त्यातून काही उमगत नाही.

आपल्याच आयाबहिणी बचत गटात बसतात. तिथे दर महिन्याला प्रत्येकीसमोर हिशेब वाचला जातो. कुणी किती भरले, कर्ज कुणाला दिले, व्याज किती आले, बँकेत शिल्लक किती, हे चौथी शिकलेली बाईही तोंडपाठ सांगते. त्याच बाईला रविवारी चर्चमध्ये असे का वाटावे, की पैशाचे विचारणे म्हणजे विश्वासात उणे असणे?

शास्त्र काय सांगते

‘दान देवाला दिले, आता हिशेब कसला?’ असे म्हणणारे चांगले, भाविक लोक आपल्यात आहेत. त्यांनी एज्राच्या पुस्तकाचा आठवा अध्याय पुन्हा वाचावा, ही विनंती. बाबेलहून यरुशलेमला निघताना एज्राने राजाकडे शिपाई मागितले नाहीत. आमचा देव आम्हांला सांभाळतो असे राजाला सांगून चुकल्यावर पहारा मागण्याची त्याला लाज वाटली. उपास आणि प्रार्थना करून तो निघाला. पण त्याच एज्राने प्रवासापूर्वी बारा मुख्य याजक निवडले आणि मंदिरासाठी आलेले सोने, रुपे व पात्रे तोलून त्यांच्या हवाली केली. रुपेच साडेसहाशे किक्कार होते. यरुशलेमला पोचल्यावर चौथ्या दिवशी देवाच्या मंदिरात सगळे पुन्हा तोलले गेले, नग मोजले गेले आणि एकूण वजन लिहून ठेवले गेले. देवावर इतका विसंबलेला माणूस तराजू विसरला नाही. भक्ती आणि हिशेब यांत त्याला विरोध दिसला नाही.

पौलाने यरुशलेममधल्या गरिबांसाठी मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला बंधू सोबत दिला. कारणही त्याने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कुणाला दोष काढायला जागा राहू नये, आणि आपले वागणे प्रभूच्या दृष्टीने चांगले असावे तसेच माणसांच्या दृष्टीनेही असावे, हे त्याला हवे होते. ‘माझा न्याय देव करील’ एवढ्यावर प्रेषितसुद्धा थांबला नाही.

कॅथॉलिक बंधुभगिनींसाठी तर हा लिखित नियमच आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यात प्रत्येक पॅरिशला अर्थसमिती सक्तीची आहे. ठरावीक कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरावे, असे कॅनन १२६७ सांगतो. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे कॅनन १२८७ सांगतो. वसईच्या गावांतली पॅरिश असो की विदर्भातली, नियम तोच.

आणि आपल्याच मराठी ख्रिस्ती परंपरेत पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहे. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी संस्था स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. संस्थेचे वार्षिक अहवाल छापले जात. मुदत संपल्यावर १८९८ मध्ये रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या आणि झालेले काम देणगीदारांपुढे ठेवले. केडगावच्या मुक्ती मिशनमधून ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे पत्र निघे आणि तिथल्या मुलींची, कामाची, गरजांची हकीकत दूरच्या दात्यांपर्यंत पोचे. समुद्रापलीकडच्या दात्यांना कळवण्याची सोय सव्वाशे वर्षांपूर्वी होत होती. आपले दाते तर समोरच्या बाकावर बसलेले आहेत.

हिशेब सांगायचा तो कसा

एक पान पुरे आहे. मोठ्या अक्षरात, मराठीत. वरच्या बाजूला वर्षारंभीची शिल्लक. मग जमा: रविवारचे दान, दशांश, उपकारस्तुतीचे दान, वर्गणी, हंगामाचा लिलाव, भाडे, ठेवींचे व्याज. मग खर्च: पाळकांचे वेतन व भविष्य निर्वाह निधी, डायोसिसला दिलेला वाटा, वीज, दुरुस्ती, संडे स्कूल, महिला मंडळ, तरुण संघ, गरिबांना मदत, दफनभूमीची देखभाल, कोर्टखर्च. शेवटी वर्षअखेरची शिल्लक, आणि ती कोणत्या बँकेत, किती चालू खात्यात, किती मुदत ठेवीत. त्याखाली एका ओळीत सांगा, की मंडळीने दिलेल्या दर १०० रुपयांतले किती कशावर गेले. हा एक आकडा लोकांना वर्षभर लक्षात राहतो.

खास कारणासाठी जमवलेल्या पैशाचा हिशेब वेगळा दाखवा. इमारत फंडात किती आले, किती लागले, किती उरले. गरीब फंडातून उसने घेऊन पगार भागवला असेल, तर तसे स्पष्ट सांगा आणि परत कधी भरणार तेही सांगा. लोक अडचण समजून घेतात. लपवलेली अडचण कळते तेव्हा त्यांचे मन दुखावते.

कर्ज, थकबाकी आणि तूट आधी सांगा. पाळकांचा तीन महिन्यांचा पगार थकला असेल, तर मंडळीला ते माहीत असले पाहिजे. अनेक ठिकाणी पाळकांचे कुटुंब उसनवारीवर दिवस काढत असते आणि मंडळीला वाटत असते की ‘वरून’ सगळे मिळते. खरी परिस्थिती कळली की दान वाढते.

दर रविवारचे दान त्याच दिवशी, चर्चमध्येच, वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनी मोजावे आणि दोघांनी सही करावी. सोमवारी ते बँकेत भरावे. रक्कम पुढच्या रविवारी जाहीर करावी आणि फलकावर लिहावी. योवाश राजाच्या काळात मंदिराच्या पेटीतला पैसा राजाचा लेखक आणि प्रमुख याजक असे दोघे मिळून मोजत, हे २ राजे बाराव्या अध्यायात आहेच. एकट्यावर हे काम टाकले, तर आपण एका चांगल्या माणसाला विनाकारण संशयाच्या तोंडी देतो.

आता पुष्कळ दान मोबाइलवरून येते. चर्चच्या दारात लावलेला क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा आहे ना, हे आजच तपासा. तो पाळकांच्या, खजिनदारांच्या किंवा त्यांच्या मुलाच्या खात्याचा असेल, तर हेतू कितीही चांगला असला तरी या आठवड्यातच काढून टाका.

एक गोष्ट मात्र जाहीर करू नका: कुणी किती दिले. आपल्या पुष्कळ मंडळ्यांत दात्यांची नावे आणि रकमा वाचून दाखवण्याची रीत आहे. त्यामुळे दहा रुपये देणारा मान खाली घालतो आणि दहा हजार देणारा मान वर करतो. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेबद्दल प्रभू काय बोलला ते आपल्याला ठाऊक आहे. खर्च उघडा असावा आणि देणाऱ्याचा हात झाकलेला. प्रत्येक दात्याला त्याची पावती मिळावी, तेवढे पुरे.

जागांबद्दल गप्प राहू नका

या आवाहनातला सर्वांत तातडीचा भाग हा आहे. मिशनच्या काळातली कंपाउंडे, बंगले, शाळा, वसतिगृहे, दफनभूमी आज शहरांच्या मध्यावर आल्या आहेत आणि त्यांच्या किमती आपल्या कल्पनेपलीकडे गेल्या आहेत. यांतल्या बहुतेक जागा स्थानिक मंडळीच्या नावावर नसून मोठ्या विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत. जागा विकल्याचे किंवा विकासकाला दिल्याचे मंडळीला कधी वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीतून कळते, कधी कुंपणावर लागलेल्या पाटीवरून.

कायदा इथे स्पष्ट आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेची स्थावर मिळकत विकायला, बदली द्यायला किंवा बक्षीस द्यायला कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त काळ भाड्याने द्यायलाही ती लागते. पण परवानगी असली, तरी मंडळीला न सांगता व्यवहार करणे योग्य ठरत नाही. म्हणून प्रत्येक मंडळीने आपल्या मिळकतींची यादी करावी: जागा कोणती, क्षेत्र किती, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचे, भाडेकरू कोण, भाडे किती, दावा आहे का. ही यादी हिशेबाच्या पानामागेच छापावी. कोणत्याही व्यवहाराची बोलणी सुरू झाली की मंडळीची सभा बोलवावी. सह्या झाल्यावर बोलावण्यात अर्थ नाही.

शंका आणि उत्तरे

‘आकडे बाहेर गेले तर विरोधक त्याचा गैरवापर करतील,’ अशी भीती काही वडीलधाऱ्यांना वाटते. आजचे वातावरण पाहता ती भीती खोटी नाही. पण आपल्याबद्दल सर्वांत जास्त पसरलेला समज कोणता? ‘यांना परदेशातून पैसा येतो.’ परदेशी देणगीसाठी २०१० चा परकीय अंशदान कायदा आहे. त्याखाली नोंदणी, स्वतंत्र खाते आणि दरवर्षीचे विवरण सक्तीचे आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. तुमच्या मंडळीला परदेशातून काहीच येत नसेल, तर तेही हिशेबाच्या पानावर स्पष्ट लिहा. शिक्षक, नर्स, सफाई कामगार, कारकून, शेतमजूर यांच्या घामाच्या पैशावर चर्च चालते, हे सिद्ध करायला उघड्या वहीपेक्षा चांगला पुरावा नाही.

‘लोक भांडतील,’ असेही म्हटले जाते. पहिल्या सभेत आवाज चढतील, हे खरे. वर्षानुवर्षे साचलेले प्रश्न एकदम बाहेर येतील. पण पहिल्या मंडळीतही ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरकुर झाली होती. प्रेषितांनी ती दडपली नाही. सगळ्यांना एकत्र बोलावले आणि चांगल्या लौकिकाचे सात जण मंडळीकडूनच निवडून घेतले. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हे आहे, आणि त्यानंतर मंडळी वाढल्याचेही तिथेच लिहिले आहे.

आता प्रत्येकाने काय करायचे

पाळकसाहेब, धर्मगुरूहो, तुम्ही तारीख जाहीर करा. येत्या रविवारी व्यासपीठावरून सांगा की अमुक दिवशी हिशेबाची सभा आहे आणि त्या दिवशी उपासनेनंतर कुणी घाई करू नये. विचारणाऱ्याला विश्वासघातकी समजू नका. पैसे स्वतः हाताळू नका, पण पारदर्शक कारभाराचा आग्रह तुम्हीच धरा.

पंच, विश्वस्त आणि खजिनदारहो, सभेच्या निदान एक आठवडा आधी हिशेबाचे पान प्रत्येक घरी पोचवा. सभेत किमान एक तास प्रश्नांसाठी ठेवा. एखादे उत्तर तिथे देता आले नाही, तर लिहून घ्या आणि पुढच्या रविवारी द्या.

बिशप आणि डायोसिसच्या अधिकाऱ्यांना नम्र विनंती: मंडळ्यांकडून जो वाटा येतो, त्याचा हिशेब मंडळ्यांकडे परत पाठवा. खेड्यातल्या मंडळीने पाठवलेल्या पैशाचे काय झाले, हे त्या खेड्यातल्या लोकांना कळले पाहिजे.

तरुणांनो, तुमच्यात लेखापाल आहेत, बँकेत काम करणारे आहेत, संगणक जाणणारे आहेत. नुसती टीका करू नका. खजिनदारांच्या शेजारी बसा, हिशेबाचे पान तयार करून द्या, जुन्या पावत्या स्कॅन करा, मिळकतीचे उतारे काढून आणा. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहून गावच्या चर्चला पैसे पाठवणाऱ्यांनो, पैसे संस्थेच्या खात्यातच पाठवा, पावती मागा आणि हिशेबाचे पानही मागा.

आणि सभासदहो, तुम्ही सभेला या. वर्षभर कुजबुज करून सभेच्या दिवशी घरी बसणाऱ्याला तक्रारीचा अधिकार उरत नाही. प्रश्न सभ्यपणे विचारा, पावती पाहायची असेल तर पाहा, काम चोख असेल तर उभे राहून खजिनदारांचे आभार माना. लेखी विचारूनही वर्षानुवर्षे हिशेब मिळत नसेल, तर मंडळीच्या लाभार्थीला धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करण्याची वाट कायद्याने ठेवली आहे. पण तिथे जाण्यापूर्वी आपसात बसून मिटवण्याचा प्रत्येक मार्ग वापरा.

बंधुभगिनींनो, मंडळीचा पैसा पाळकांचा नाही, पंचांचा नाही, डायोसिसचाही नाही. तो देवाचा आहे आणि आपल्या सर्वांच्या हाती सोपवलेला आहे. म्हणून येत्या रविवारी उपासना संपल्यावर आपल्या खजिनदारांना भेटा, आदराने सलाम करा आणि विचारा: हिशेबाची सभा कधी आहे? तारीख ठरेपर्यंत दर रविवारी विचारत राहा.